‘किल’ म्हटलं म्हणून कुणी मरत नाही

किल. ठार मार. नाव ऐकून अंगावर काटा यावा अशी ही आज्ञा युनिक्स आणि लिनक्सवर काम करणारी माणसं दिवसातून दहादा देतात, तीही चहाचा घोट घेता घेता. किल लिहायचं, एक जागा सोडायची, ज्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, थांबवायचं तिचा क्रमांक लिहायचा आणि एंटर दाबायचं. मग चालू प्रोसेसची यादी पुन्हा काढून पाहावी, तर कितीदा तरी बाईसाहेब तिथंच! ठणठणीत. जणू काही झालंच नाही.

असं कसं? कारण किल मारत नाही. किल निरोप पोचवते, आणि त्या निरोपाचं काय करायचं हे बहुतेक वेळा ज्याला निरोप मिळाला तोच ठरवतो! चालू प्रोग्रॅम थांबवणं म्हणजे बटण दाबून पंखा बंद करणं, असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात ते ओटा आवरून, गॅस बंद करून, दाराला कुलूप लावून बाहेर पडण्यासारखं आहे. चुलीवर काय चढलंय हे आतल्यालाच माहीत असतं, म्हणून आवरायचं कामही त्याच्याच गळ्यात.

आधी हा निरोप पोचतो कसा ते बघू. कर्नल म्हणजे यंत्राचा मुख्य कारभारी. त्याच्याकडे प्रत्येक प्रोसेसच्या नावाचं एक पान असतं. त्या पानावर चौकटींची एक ओळ असते, प्रत्येक प्रकारच्या निरोपासाठी एक चौकट. या निरोपांना सिग्नल म्हणतात. तुम्ही नुसतं किल म्हटलंत की कारभारी पंधराव्या चौकटीत एक खूण करतो. संपलं! तेवढंच घडलं. ज्याच्या नावची खूण झाली त्याला अजून पत्ताही नाही. त्याची पाळी येते, कर्नलच्या हद्दीतून तो आपल्या कामाकडे परत निघतो, त्या उंबरठ्यावर कारभारी पान उघडतो आणि म्हणतो, थांब, तुझ्यासाठी निरोप आहे.

आता याचा एक गमतीदार परिणाम पाहा. चौकट एकच, खूणही एकच. पाळी येण्याआधी तुम्ही तोच निरोप पन्नास वेळा पाठवलात तरी समोरच्याला तो एकदाच मिळतो. चिडून पुन्हा पुन्हा एंटर दाबणाऱ्या माणसाची ही फजिती मला फार आवडते.

पंधरा नंबरचा सिग्नल म्हणजे सिगटर्म, ‘आता आवरा’. तो ऐकून काय करायचं हे प्रोग्रॅम आधीच ठरवून ठेवू शकतो. फाइल नीट बंद करीन, हिशेब पूर्ण करीन, मग जाईन. किंवा सरळ कानाडोळा करीन. नऊ नंबरच्या सिगकिलला मात्र कसलीच पळवाट नाही. पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे: सिगकिल त्या प्रोसेसला कधी ‘मिळत’च नाही. उंबरठ्यावर कारभारी नवव्या चौकटीतली खूण बघतो आणि प्रोसेसला पुढे सोडतच नाही. तिच्या कोडची पुढची ओळ चालत नाही, बस्स. तिच्या बाजूनं पाहिलं तर काही घडलेलंच नाही. वाक्याच्या मध्येच जग संपलं.

(एक नंबरचा सिग्नल म्हणजे सिगहप. संगणकाशी जोडलेली फोनची लाइन तुटली की तो यायचा. पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमांना कसली फोनची लाइन? तेव्हा तो रिकामा सिग्नल त्यांनी ‘सेटिंगची फाइल पुन्हा वाच’ अशा अर्थानं वापरायला घेतला. फोन आपटण्याचा आवाज आणि ‘नवी यादी वाच’ हे एकाच शब्दाचे अर्थ झाले. भाषा अशीच चालते.)

मग प्रश्न काय उरला? पंधरा नंबर पाठवा, समोरचा आवरेल. इतकं सोपं असतं तर!

सिग्नल वेळकाळ बघून येत नाही. समजा, प्रोग्रॅम मेमरीच्या वहीत नवी नोंद करतोय. वही कुणी मध्येच चाळू नये म्हणून त्यानं कडी घातलेली आहे. नोंद अर्धी झालीय आणि नेमका तेव्हाच सिग्नल आला. हातातलं तसंच टाकून प्रोग्रॅम ‘आवरायच्या’ कोडकडे वळतो. त्या कोडलाही थोडी मेमरी लागते, म्हणून तो वहीकडे जातो. बघतो तर कडी! कुणी घातली? त्यानंच. आता कडी निघण्याची वाट बघणाराही तोच आणि ती काढू शकणाराही तोच. दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे बसून राहतात, आणि दोघं म्हणजे एकच जण.

म्हणून सिग्नल आल्यावर चालणाऱ्या कोडनं कोणकोणती कामं निर्धास्तपणे करावीत याची एक छोटी यादीच पॉझिक्स या मानकात दिलेली आहे. त्या यादीत एक अगदी साधं काम आहे: कुठंतरी एखादा बाइट लिहिणं. या एवढ्याशा फटीतून प्रोग्रॅमरांनी जी वाट काढली ती डी. जे. बर्नस्टाइन या प्रोग्रॅमरमुळे गाजली. प्रोग्रॅम सुरू होतानाच एक नळी तयार करतो. तिची दोन्ही टोकं त्याच्याच हातात. सिग्नल आला की आवराआवर करत बसायचं नाही. नळीच्या एका टोकातून एक बाइट आत ढकलायचा आणि हातातल्या कामाला परत लागायचं. ते काम संपलं की प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे आपल्या टपालपेट्या बघतो, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाच्या पेटीत त्याला स्वतःचंच पत्र सापडतं: ‘आवर’. स्वतःला पत्र पाठवायचं, कारण आत्ता ऐकायला सवड नाही!

खांद्यावर थाप मारणारा निरोप बोलणं अर्ध्यात तोडतो. पेटीत पडलेलं पत्र वाक्य पुरं होईपर्यंत थांबतं. एवढाच फरक, पण एका अख्ख्या यंत्रणेत तो कसा कामी आला ते बघू.

ती यंत्रणा म्हणजे एचपी कंपनीचं ओपनव्ह्यू नेटवर्क नोड मॅनेजर. १९९० च्या दशकात मोठमोठ्या संस्थांच्या नेटवर्कवर पहारा देणारं हे सॉफ्टवेअर. पडद्यावर नकाशा, नकाशावर राउटर आणि स्विचची चित्रं. सगळं ठीक असेल तर हिरवी, बिघाड झाला असेल तर लाल. पडद्यावर हा एकच नकाशा दिसतो, पण पाठीमागे एक मोठं कुटुंब राबत असतं. नेटमॉन गस्त घालतो, प्रत्येक यंत्राला हाक मारून ‘आहेस ना?’ विचारतो आणि नवी यंत्रं शोधतो. ट्रॅपडी यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसतो. कुठल्याही यंत्रानं तक्रार केली की ती इथं येते. ओव्हीडब्ल्यूडीबी सगळ्या वस्तूंची नोंदवही सांभाळतो. ओव्हीटॉपएमडीकडे कोण कुणाला जोडलेलं आहे याचा हिशेब. या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला घरचा कर्ता म्हणजे ओव्हीएसपीएमडी. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण माणूस कामाचा.

आता कल्पना करा, तुम्हाला हे सगळं बंद करायचं आहे. एकेकाचा क्रमांक शोधून किल, किल, किल? नेटमॉन चालूच ठेवून आधी नोंदवही सांभाळणाऱ्यालाच घालवलंत तर? नेटमॉनला नवा राउटर सापडला, आता तो सांगायचा कुणाला? लग्नाचा मांडव घालताना आधी खांब, मग वासे, मग कापड, मग झुंबर. काढताना आधी खांबाला हात घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय? पाहिला असेल तर तो झुंबराखालीच सापडला असेल.

म्हणून इथं आज्ञा एकच: ओव्हीस्टॉप. ती स्वतः कुणालाच थांबवत नाही. ती कर्त्याकडे जाते आणि सांगते, अमक्याला थांबवा, किंवा सगळ्यांनाच थांबवा. पुढचं तो बघतो. त्याच्याकडे प्रत्येकाची नोंद असते, आणि ती नोंद जवळून बघण्यासारखी आहे. नेटमॉनच्या नोंदीतली एक ओळ घ्या. विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले रकाने. पहिल्यात, हा आपोआप सुरू व्हावा का: हो. दुसऱ्यात, त्याआधी कोण कोण उठलेलं असायला हवं: ओव्हीटॉपएमडी, ट्रॅपडी, ओव्हीडब्ल्यूडीबी. तिसऱ्यात सुरू होताना द्यायच्या सूचना. आणि चौथ्यात चक्क लिहिलेलं असतं: वेल बिहेव्ड.

वर्तणूक: चांगली! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं तसं. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्यानं हसलो होतो. पण हा विनोद नव्हे, काटेकोर तांत्रिक वर्गवारी आहे, आणि तिच्यात तीनच शेरे.

‘वर्तणूक चांगली’ म्हणजे हा प्रोग्रॅम कर्त्याशी बोलायला शिकलेला आहे. तो लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरनं ओपनव्ह्यूनं दिलेली चार-दोन तयार फंक्शनं वापरलेली असतात. ओव्हीएसइनिट म्हटलं की कर्त्याशी एक खासगी वाहिनी जोडली जाते. इतर टपालपेट्यांबरोबर प्रोग्रॅम या पेटीकडेही लक्ष ठेवतो. थांबण्याचा निरोप सिग्नल बनून खांद्यावर आपटत नाही, पत्र बनून या पेटीत पडतो. हातातली नोंद पुरी झाली की प्रोग्रॅम ओव्हीएसरिसीव्हनं पत्र उघडतो, फाइली मिटतो, ओव्हीएसडन म्हणून निरोपाचे दोन शब्द बोलतो आणि जातो. मघाची नळी आठवली? तिथं प्रोग्रॅमला स्वतःलाच पत्र टाकावं लागत होतं. इथं घरातच टपालखातं उघडलेलं आहे.

दुसरा शेरा, ‘नॉन वेल बिहेव्ड’. गैरसमज नको, हा वाईट वळणाचा नव्हे, त्याला नुसती ही बोली येत नाही. पण तो कर्त्याच्या नजरेसमोर असतो, म्हणून त्याला सिगटर्म पाठवता येतो आणि तो गेला की कळतंही. तिसरा शेरा ‘डीमन’. हा सुरू झाल्या झाल्या स्वतःची एक प्रत काढून पडद्याआड निघून जातो आणि मूळचा मरतो. कर्त्याच्या वहीत क्रमांक राहतो मेलेल्याचा, आणि जिवंत आहे तो कुठं गेला हे त्याला ठाऊक नसतं. त्याला सुरू करता येतं, पण थांबवायचा कसा? ज्याचा पत्ताच नाही त्याला पत्र कुठं टाकणार?

पाचव्या रकान्यात आकडा असतो. नेटमॉनच्या ओळीत १५. (हे सेकंद आहेत, सिग्नल नंबर पंधराशी काही नातं नाही.) थांब म्हटल्यावर एवढी सेकंदं वाट बघायची. तेवढ्यात आवरलं तर उत्तम, नाहीतर मग नऊ नंबर. धीराची मर्यादा चक्क आकड्यात! आणि ही रीत ओपनव्ह्यूपुरती राहिलेली नाही. प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या डब्यात चालवणारा आजचा डॉकर तो डबा थांबवताना आधी सिगटर्म पाठवतो, वेगळं सांगितलं नसेल तर १० सेकंद थांबतो, मग सिगकिल. असे पुष्कळ डबे सांभाळणारा कुबर्नेटीस ३० सेकंद देतो. लिनक्समधला सिस्टमडी त्याहून सोशीक, ९० सेकंद. लॅपटॉप बंद करताना काळ्या पडद्यावर एखादी ओळ दीड मिनिट रेंगाळते आणि आपण वैतागतो, तेव्हा बहुधा हीच घडी मोजली जात असते. आत कुणीतरी अजून आवरतोय, आणि सिस्टमडी त्याला वेळ देतोय.

थांबवण्याचा क्रम तर अजून देखणा. कर्ता दुसरे रकाने वाचतो आणि कोण कुणावर विसंबून आहे याची साखळी लावतो. सुरू करताना ती सुलटी, थांबवताना उलटी. तुम्ही एकट्या ओव्हीडब्ल्यूडीबीला थांबवायला सांगितलंत, तर त्याच्या भरवशावर चालणारे आधी थांबतात. हे तुम्ही सांगायची गरज नाही. सांगायला विसराल हे गृहीतच धरलेलं आहे.

शेवटच्या रकान्यात एकच शब्द असतो: पॉज. रोज रात्री नोंदवह्यांची प्रत काढून ठेवायची असते. चालू वहीची प्रत काढायला गेलात तर पहिलं पान जुनं आणि शेवटचं नवं अशी खिचडी होणार. मग काय, रोज सगळं कुटुंब निजवायचं? नाही. ओव्हीपॉज म्हणायचं. ज्याच्या ओळीत हा शब्द आहे तो हातातलं लिखाण डिस्कवर उतरवतो, ‘थांबलो’ म्हणून कळवतो आणि गप्प उभा राहतो. प्रत निघाली की ओव्हीरिझ्यूम. एक्स-रे काढणारा म्हणतो ना, श्वास रोखा... हं, सोडा. अगदी तसं! ना मेला, ना चालू. क्षणभर नुसता स्थिर.

पहारेकरीच थांबतो तेव्हा पहाऱ्याचं काय होतं? ट्रॅपडी बंद असताना एखाद्या राउटरनं ‘माझी लाइन गेली’ म्हणून ओरडून सांगितलं, तर ती हाक हवेत विरते. यूडीपीवरची ही तक्रार म्हणजे पोच नसलेलं पोस्टकार्ड. पाठवणाऱ्याला कळत नाही की घरात कुणी नव्हतं, आणि घरी परतलेल्याला कळत नाही की कुणी हाक मारली होती. नेटमॉन पुढच्या फेरीत दार ठोठावील तेव्हाच उलगडा.

इथवर सगळं एका छताखाली चाललं होतं. पण तुम्ही एका शहरात, सर्व्हर दुसऱ्या शहरात, आणि त्याच्यावर चालू असलेला एक प्रोग्रॅम तुम्हाला इथून थांबवायचा आहे. त्या यंत्रावर तुम्ही लॉगिनही केलेलं नाही. काय कराल?

नेटवर्कवरच्या यंत्रांशी बोलायची सर्वमान्य बोली म्हणजे एसएनएमपी. तिची खरी कमाल ही की तिच्यात क्रियापदं जवळजवळ नाहीतच! वाच आणि लिही, मुख्य भांडवल एवढंच. ‘थांबव’ असा शब्दच नाही. मग थांबवायचं कसं? १९९३ साली आरएफसी १५१४ नावाच्या दस्तऐवजानं यंत्राच्या आतल्या गोष्टींचे तक्ते ठरवून दिले: किती मेमरी, कोणत्या डिस्क, आणि कोणते प्रोग्रॅम चालू. त्या शेवटच्या तक्त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला एक ओळ, आणि ओळीच्या सातव्या रकान्यात त्याची अवस्था, एका आकड्यात. १ म्हणजे चालू. २ म्हणजे पाळीची वाट बघतोय. ३ म्हणजे कशावर तरी अडलाय. आणि ४ म्हणजे ‘अवैध’.

बाहेरून कुणी त्या रकान्यात ४ लिहिलं, तर तो प्रोग्रॅम थांबवून मेमरीतून काढून टाकावा, असं मानक सांगतं. ‘मार’ म्हणायचं नाही. फक्त वहीतला आकडा बदलायचा, आणि वही खरी ठरावी म्हणून यंत्रानं स्वतः बदलायचं! हजेरीपटावर गैरहजर लिहिलं म्हणून वर्गातला मुलगा उठून घरी जावा, तसं.

केवढी सुंदर कल्पना, आणि केवढी धोक्याची! एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत लिहिण्याचा परवाना म्हणजे एक साधा शब्द, तोही उघडा, वाटेत कुणालाही वाचता येईल असा. तेव्हा कुणीही येऊन ४ लिहिणार. त्यामुळे हा रकाना पुष्कळ ठिकाणी फक्त वाचण्यापुरताच उघडा ठेवतात, आणि ते शहाणपणाचं आहे. एक कोडंही सोडवून पाहा: त्या यंत्रावर ज्या प्रोग्रॅमनं तुमचा ४ वाचला, त्याच्याच ओळीत तो ४ असेल, तर ‘काम झालं’ असं उत्तर पाठवणार कोण?

आणखी एक खोच. तक्त्यातली ओळ ओळखायची कशावरून? शक्य तिथं प्रोसेसच्या क्रमांकावरून. आणि हे क्रमांक उष्टे असतात. लिनक्समध्ये परंपरेनं ते ३२७६८ च्या आत फिरत; संपले की पुन्हा खालून सुरुवात, रिकामे झालेले नव्यांना. तुम्ही क्रमांक वाचलात, तेवढ्यात तो प्रोग्रॅम आपणहून संपला, त्याचा क्रमांक भलत्यालाच मिळाला आणि मग तुमचा निरोप पोचला. पत्ता बरोबर, माणूस दुसरा! लिनक्समध्ये यावर नीट तोड निघायला २०१९ उजाडलं. पिडएफडी नावाची सोय तेव्हा आली. क्रमांकाच्या चिठ्ठीऐवजी त्या प्रोसेसचं मनगटच धरायचं. ती गेली तर हात रिकामा राहतो, पण दुसऱ्या कुणाचं मनगट हातात येत नाही.

मघाशी म्हटलं, नऊ नंबरला पळवाट नाही. एक आहे. प्रोसेस डिस्ककडून किंवा नेटवर्कवरच्या फाइलकडून उत्तराची वाट बघत कर्नलच्या आत गाढ झोपलेली असेल तर ती उंबरठ्यावर येतच नाही, आणि उंबरठ्यावर आली नाही तर खूण कोण बघणार? यादीत तिच्यापुढे इंग्रजी डी हे अक्षर दिसतं. कितीही किल करा. चौकटीत खूण होऊन बसलेली आहे आणि ती आत घोरतेय.

आणि मेल्यानंतर? तिथंही गोष्ट संपत नाही. मेमरी गेली, फाइली मिटल्या, कोड गेला, तरी यादीत एक ओळ शिल्लक राहते. तिला झॉम्बी म्हणतात. तिच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरलेली असते, ‘मी कशी गेले’, आणि ज्या पालक-प्रोसेसनं तिला जन्म दिला त्यानं ती विचारेपर्यंत ती हलत नाही. पालकच आधी गेला असेल तर सहसा यंत्रातली पहिली प्रोसेस, क्रमांक १, अशा पोरक्यांना पदरात घेते आणि त्यांचा शेवटचा निरोप ऐकते.

तो निरोप म्हणजे एक लहानसा आकडा. शून्य असेल तर समजावं, आवरून, दिवा मालवून गेली. १४३ दिसला तर त्यातून १२८ वजा करा, उरले १५, म्हणजे सिगटर्मवर गेली. आणि सकाळी ऑफिसात येऊन लॉग उघडावा तर तिथं १३७. वजा १२८. उरले ९. रात्री कुणाची तरी पंधरा सेकंदं संपली होती, किंवा यंत्राची मेमरी पुरेनाशी होऊन कर्नलनंच कुणाला तरी निवडलं होतं. आता ती कोणती वही अर्धी टाकून गेली, ते शोधायला बसायचं.